पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम: पंधरा दिवसांचा जमणारा बेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकहून पाच जण निघणार: नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या आसपासचे आई-वडील. मुलीच्या सुट्टीत, मे महिन्याच्या अखेरीस, पंधरा दिवस. यादीत लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम, व्हिएन्ना आणि प्राग. ग्रुप टूरवाले तेवढ्याच दिवसांत दहा-बारा देश दाखवतात, मग आपलं आपण गेलं तर एवढं का जमू नये, असं तुम्ही विचारलंय.

जमणार नाही. यातली चार ठिकाणं नीट होतील, आणि ती चार तुमच्या आई-वडिलांनाही झेपतील. मी लोकांना असे बेत बरीच वर्षं आखून देते आहे आणि जवळजवळ प्रत्येक कुटुंबाची पहिली यादी अशीच असते, त्यामुळे यात तुमचं काही चुकलं असं नाही. फक्त हिशोब देशांचा न करता रात्रींचा करायला हवा.

पंधरा दिवसांची रजा म्हणजे पंधरा दिवस युरोप नव्हे. जाण्या-येण्याचा वेळ वजा केला की हातात तेरा रात्री राहतात. आता मुक्काम हलवायचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. पाच जणांच्या आंघोळी, बॅगा, नाश्ता. अकराच्या आत खोली सोडायची. स्टेशन गाठायचं, तीन-चार तासांचा प्रवास, उतरल्यावर नवं हॉटेल शोधायचं, आणि तिथे खोली तीनच्या आधी क्वचितच मिळते. जरा पाठ टेकून बाहेर पडेपर्यंत पाच वाजतात. आठ ठिकाणं घेतलीत तर असे सात दिवस होतात. तेरातून सात गेले की उरतात सहा, आणि बघायची शहरं आठ.

मग ग्रुप टूरवाले कसं करतात? त्यांची मोजणी वेगळी असते. व्हॅटिकन हा एक देश, लिख्टेनश्टाइनमध्ये वाडूझला तासभर थांबलं की दुसरा, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एक मुक्काम झाला की तिसरा. हॉटेलं बहुतेक शहराबाहेर, हायवेजवळ असतात. बसचालकाला युरोपीय नियमाप्रमाणे साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाला साधारण नऊ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. म्हणून टूर मॅनेजर सकाळी सातला सगळ्यांना बसमध्ये बसवतो. त्याचा नाइलाज असतो. ज्यांना दोन्ही वेळ आपलं जेवण हवं, भाषेची धास्ती वाटते, सामानाची जबाबदारी नको असते, त्यांच्यासाठी ग्रुप टूर खरोखर चांगली. पण तुम्ही स्वतः जाताय ते आपल्या गतीने फिरता यावं म्हणून. मग ग्रुपचा वेग कशाला उसना घ्यायचा?

आता कात्री. लंडन सगळ्यात आधी जाईल. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी, बायोमेट्रिक वेगळं, आणि प्रत्येक अर्जाचे दिवस वेगळे. तीन रात्रींसाठी पाच जणांचा एवढा खटाटोप करू नये. व्हिएन्ना आणि प्रागही सोडा. ती शहरं उत्तम आहेत, पण त्यांची जोडी बुडापेस्टशी जमते: व्हिएन्नाहून बुडापेस्ट रेल्वेने तीन तासांच्या आत, प्राग चार तासांवर. झुरिकहून व्हिएन्ना मात्र आठेक तास. ती पुढची सहल होऊ द्या. ॲमस्टरडॅम काढताना तुम्हाला जिवावर येईल, कारण आईंना ट्युलिप बघायचेत. पण क्युकेनहॉफची बाग मेच्या मध्यालाच बंद होते. अखेरीला गेलात तर तिथे फुलं नाहीत आणि दारही उघडं नाही.

उरलं ते असं: पॅरिस चार रात्री, स्वित्झर्लंड चार, व्हेनिस दोन, रोम तीन. विमान पॅरिसला जाणारं आणि रोमहून परतणारं घ्या. तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडलात की आखाती कंपन्यांची अशी तिकिटं बहुतेकदा साध्या रिटर्नच्या आसपासच पडतात. जिथे उतरलो तिथूनच परत यायचं हा हट्ट धरलात तर रोमहून पॅरिसला परत जाण्यात एक अख्खा दिवस आणि पाच तिकिटांचे पैसे जातात.

वार नीट जुळवा. ही बाब फार कमी लोक बघतात. पॅरिसचं लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद, व्हॅटिकन म्युझियम महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. पोप रोममध्ये असले की बुधवारी सकाळी त्यांची जाहीर सभा असते आणि सेंट पीटर्स बॅसिलिकात, म्हणजे व्हॅटिकनच्या मोठ्या चर्चमध्ये, दुपारपर्यंत जाता येत नाही. म्हणून मी तुमची सुरुवात शनिवारी धरते. शनिवारी पहाटे मुंबईहून निघून दुपारी-संध्याकाळी पॅरिस. त्या दिवशी काहीही ठरवू नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर नवी प्रवेश-निर्गम नोंदणी सुरू झाली आहे. पहिल्या वेळी फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे रांग किती लांबेल ते सांगता येत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो मात्र काढतात.

रविवारी पॅरिसशी ओळख: सेन नदीतली बोट, नोत्र दामचा परिसर, संध्याकाळी आयफेल. मेअखेरीला तिथे सूर्य साडेनऊनंतर मावळतो. त्यामुळे दुपारी आई-वडिलांना हॉटेलवर दोन तास झोपू द्या आणि सहाला पुन्हा बाहेर पडा. तरी साडेतीन तास उजेड हातात राहतो. हा लांब दिवस ज्येष्ठांसोबतच्या सहलीत फार कामाला येतो. सोमवारी लूव्र, मंगळवारी व्हर्साय. लूव्र बंद असल्यामुळे मंगळवारी व्हर्सायला गर्दी वाढते, तेव्हा सकाळची पहिली वेळ पकडा. बाग अफाट आहे. बाबांच्या गुडघ्यांकडे बघून तिथल्या छोट्या पर्यटक-ट्रेनचे पैसे द्या, काटकसर दुसरीकडे करा.

बुधवारी सकाळी पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनवरून टीजीव्हीने, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान गाडीने, बाझेल, साधारण तीन तास. तिथून इंटरलाकेन आणखी दोन तास. मुक्काम झुरिकला ठेवू नका. डोंगर बघायला आलात तर डोंगरातच राहा. इंटरलाकेन सोयीचं आहे. लाउटरब्रुनेन तिथून ट्रेनने वीसेक मिनिटांवर, आणि खिडकी उघडली की जवळजवळ ३०० मीटरवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा समोर. पाच जणांना हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट परवडतं. चार दिवस स्वित्झर्लंडमध्ये बाहेर जेवणं म्हणजे खिशाला मोठं भोक, आणि संध्याकाळी थंडीत गरम वरणभात मिळाला की आई-बाबांचा दुसऱ्या दिवसाचा उत्साह टिकतो. फक्त किराणा वेळेत आणा. तिथली दुकानं संध्याकाळी लवकर बंद होतात आणि रविवारी बहुतेक उघडतच नाहीत.

पासबद्दल. स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. तुमच्या बेतात बुधवार ते शनिवार असा चार दिवसांचा बरोबर बसतो. मुलीसाठी फॅमिली कार्ड मागून घ्या. आई किंवा वडील पासवर असले की सोळा वर्षांखालचं मूल त्यांच्यासोबत फुकट फिरतं. ट्रेन, बस, थुन आणि ब्रिएन्झ या दोन्ही तलावांतल्या बोटी, वेंगेन आणि म्युरेन या मोटारबंद गावांपर्यंतचा प्रवास, सगळं यात येतं. युंगफ्राउयोख, म्हणजे रेल्वेने जाता येणारं बर्फातलं उंच ठिकाण, मात्र पूर्ण येत नाही. वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डच्या पुढे फक्त २५ टक्के सवलत, आणि मूळ भाडं इंटरलाकेनहून माणशी २०० फ्रँकच्या वर आहे.

युंगफ्राउयोखचा दिवस इथून ठरवू नका, असं मी प्रत्येकाला बजावून सांगते. ३,४५४ मीटरवर ढग असले तर एवढे पैसे मोजून समोर पांढरी भिंत दिसते. वरच्या कॅमेऱ्यांचं थेट चित्रण नेटवर चालू असतं. सकाळी सहाला उठून ते बघा, आकाश स्वच्छ असेल तर त्या दिवशी जा. म्हणून गुरुवार, शुक्रवार, शनिवार हे तीन दिवस अदलाबदल करता येतील असे मोकळे ठेवलेत. ढगाळ दिवशी ब्रिएन्झच्या तलावात बोटीने गीसबाख धबधब्यापर्यंत जा, नाहीतर ट्रेनने बर्न बघून या, दोन्ही पासवरच. वर जायला आणि यायला ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्सप्रेस ही केबल कार घ्या. ती डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाली आणि पंधरा मिनिटांत आयगर हिमनदीपाशी पोचवते, तिथून पुढे १९१२ साली पूर्ण झालेली डोंगरातली रेल्वे. तेवढ्या उंचीवर हवा विरळ असते. बाबांना रक्तदाबाचा त्रास आहे असं तुम्ही लिहिलंय. तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. ते नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. रीगी हा डोंगर १,८०० मीटरच्या आसपास आहे, वरपर्यंत दातेरी चाकांची गाडी जाते आणि ती पासमध्ये पूर्ण येते. इंटरलाकेनहून जाऊन-येऊन दिवस मोठा होतो, पण दमणूक बसल्या जागेची.

रविवारी लांबचा प्रवास, तो मनाची तयारी करूनच धरा. इंटरलाकेनहून श्पीझ, श्पीझहून मिलान पावणेतीन तासांच्या आसपास, मिलानहून व्हेनिस अडीच तास. श्पीझ ते मिलान ही गाडी आधी ल्योचबर्गच्या आणि मग सिम्प्लोनच्या बोगद्यातून आल्प्स पार करते. उजेडात करावा असा प्रवास आहे. मिलानला दोन गाड्यांमध्ये किमान सव्वा तास ठेवा. स्वस्तातलं इटालियन तिकीट त्या ठरावीक गाडीपुरतंच असतं. स्विस बाजूची गाडी उशिरा आली आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असली, तर पुढची गाडी चुकल्याचा भुर्दंड तुमच्यावर येतो.

व्हेनिसमध्ये हॉटेल कुठे घ्यायचं यावर बॅगांचं सुख-दुःख अवलंबून असतं. तिथे रिक्षा-टॅक्सी नाही, आणि पुलांना पायऱ्या आहेत. पाच मोठ्या बॅगा घेऊन तीन पूल चढायचे म्हणजे दर पुलावर तुम्हा दोघांच्या दोन-तीन फेऱ्या, तोवर आई एका टोकाला सामान राखत उभ्या. सांता लुचिया स्टेशनमधून बाहेर पडून डावीकडे वळलं की लिस्ता दी स्पान्या नावाचा रस्ता लागतो. पुढे गुल्ये पूल येईपर्यंत त्यावर एकही पूल नाही. त्या टप्प्यातलं हॉटेल शोधा. व्हेनिसला लागून जमिनीवर असलेल्या मेस्त्रेला खोल्या स्वस्त असतात आणि ट्रेन दहा मिनिटांचीच, पण व्हेनिसची खरी गंमत संध्याकाळी दिवसभराचे पर्यटक परतल्यावर सुरू होते, आणि तेव्हा तुम्ही मेस्त्रेला निघालेले असता. काही ठरावीक दिवशी व्हेनिसमध्ये प्रवेशशुल्क असतं. शहरात मुक्कामाला असणाऱ्यांना ते भरावं लागत नाही, मात्र सूट मिळण्यासाठी नोंद करायची का, ते हॉटेलला आधी विचारा. सोमवारी सकाळी ग्रँड कॅनॉलमधून एक नंबरची वापोरेत्तो, म्हणजे तिथली बससारखी बोट, घ्या. ती प्रत्येक थांब्यावर थांबते, आणि म्हणूनच चांगली.

मंगळवारी चार तासांत रोम. बुधवारी कोलोसियम आणि शेजारचे फोरमचे प्राचीन अवशेष, गुरुवारी सकाळी व्हॅटिकन म्युझियम आणि नंतर बॅसिलिका. बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. कोलोसियमचं तिकीट नावावर असतं, ते पासपोर्टाप्रमाणे टाका आणि पासपोर्ट सोबत ठेवा. शुक्रवारी परतीचं विमान, शनिवारी मुंबई. रविवार घरी झोपायला.

आता व्हिसा. इथेच बेताचा आणि कागदांचा संबंध येतो. पॅरिसला उतरतो म्हणून फ्रान्सकडे अर्ज, असं बहुतेकांना वाटतं. नियम असा की ज्या देशात मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखे असले तरच पहिल्या प्रवेशाचा देश बघतात. तुमच्या फ्रान्समध्ये चार रात्री, स्वित्झर्लंडमध्ये चार, आणि व्हेनिस-रोम मिळून इटलीत पाच. म्हणजे अर्ज इटलीकडे. उद्या तुम्ही रोमची एक रात्र काढून पॅरिसला दिलीत की इटली चार, फ्रान्स पाच, आणि अर्ज फ्रान्सकडे जातो. म्हणून अपॉइंटमेंट घेण्याआधी रात्री पक्क्या करा आणि मग त्यांना हात लावू नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात. आपल्याकडे सगळ्यांच्याच सुट्ट्या मेमध्ये, तेव्हा फेब्रुवारीतली अपॉइंटमेंट मिळाली तर फार बरं. फी मोठ्यांना ९० युरो. तुमची मुलगी बारा पूर्ण नाही, म्हणून तिला ४५. व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आई-वडिलांचा काढताना आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का, ते पॉलिसीत शब्दशः वाचा. एजंट ‘सगळं येतं’ म्हणाला यावर थांबू नका.

हॉटेलं रद्द करता येतील अशीच बुक करा, पण खरी बुक करा. दाखवण्यापुरती तिकिटं आणि बनावट बुकिंग विकणारे लोक आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तपासणीत ते उघडं पडलं तर व्हिसा नाकारला जातो आणि ती नोंद पुढे तुमच्या मुलीच्या नावावरही राहते.

युरेल पास, म्हणजे अनेक देशांतल्या गाड्यांना चालणारा रेल्वे पास, घ्यावा का, हेही तुम्ही विचारलंय. या बेतात नको. लांबचे प्रवास मोजून तीन दिवसांचे आहेत, आणि टीजीव्ही काय किंवा इटलीतल्या वेगवान गाड्या काय, पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावेच लागतात. त्यापेक्षा सुटी तिकिटं तीन-चार महिने आधी, विक्री खुली होताच काढा. नंतर भाव चढत जातो. आयफेलच्या लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात आणि मेमधल्या संध्याकाळच्या वेळा बघता बघता संपतात. कोलोसियमची ३० दिवस आधी. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

खाण्याचं बरोबर न्याल ते बघून न्या. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. तुपाचा डबा, पेढे, बर्फी, पनीर घरीच ठेवा. सापडलं तर जप्त होतं आणि दंडही होऊ शकतो. मेतकूट, भाजणी, डाळ-तांदळाची कोरडी खिचडी, तेलातले ठेपले, चिवडा एवढ्यावर चार सकाळ-संध्याकाळ निघतात. सामान माणशी एक मध्यम बॅग, आई-वडिलांची त्यांना स्वतःला उचलता येईल एवढीच. युरोपात प्लॅटफॉर्मवर हमाल मिळेल या भरवशावर राहू नका, आणि टीजीव्हीत मोठ्या बॅगांची जागा डब्याच्या टोकाला असते, ती आधी चढणाऱ्याला मिळते.

एक पर्याय शेवटी देते, कारण बाबांच्या तब्येतीबद्दल तुम्ही दोनदा लिहिलंय. डॉक्टरांनी जरा जपून राहा म्हटलं, तर व्हेनिस-रोम सोडा. ॲमस्टरडॅम तीन रात्री, युरोस्टार या वेगवान गाडीने साडेतीन तासांत पॅरिस, तिथे चार, मग स्वित्झर्लंडमध्ये सहा, आणि झुरिकहून परत. मुंबईहून ॲमस्टरडॅमला आणि झुरिकहून मुंबईला थेट विमानं आहेत, म्हणजे मध्यरात्री आखातातल्या विमानतळावर व्हीलचेअर शोधत बसणं टळतं. पूर्ण सहलीत मुक्काम दोनदाच हलतो. तेव्हा पासही सहा दिवसांचा घ्या, आणि मुक्काम स्वित्झर्लंडमध्ये जास्त होत असल्यामुळे व्हिसाचा अर्जही तिकडेच जाईल. दोन्हींपैकी कोणता बेत हे या आठवड्यात डॉक्टरांशी बोलून ठरवा, कारण कोणत्या देशाची अपॉइंटमेंट शोधायची ते त्यावरच अवलंबून आहे.